एक्सपीच्या पीसीला नवं लॅन कार्ड : शिरोलीतल्या एका शेडमधलं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या मशिन शॉपमध्ये व्हीएमसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनच्या, शेजारी एक पीसी उभा आहे. जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी रॅम आणि विंडोज एक्सपी प्रोफेशनल, सर्व्हिस पॅक ३, ३२ बिट. त्याला काम एकच. ऑफिसातल्या डिझाइन पीसीवर तयार झालेला जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या हालचालींच्या सूचनांची फाइल, शेअर्ड फोल्डरमधून उचलायचा आणि डीएनसी, म्हणजे मशीनला प्रोग्रॅम पाठवणाऱ्या, सॉफ्टवेअरमार्फत आरएस-२३२ सीरियल केबलने मशीनच्या कंट्रोलरला पाजायचा. मे महिन्यातल्या वळवात एका संध्याकाळी वीज कडाडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचा फोल्डर उघडेना. पीसी चालू, मशीन चालू, सॉफ्टवेअर चालू. लॅन तेवढं गेलेलं.

‘एक्सपी काढून टाका’ हा सल्ला कुणीही देईल आणि तो बरोबरच आहे. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला थांबवला. पण डीएनसी सॉफ्टवेअरची ही आवृत्ती एक्सपीच्या पुढे चालत नाही, तिचं लायसन्स लॅन कार्डाच्या मॅक ॲड्रेसला (कार्डाचा स्वतःचा बारा अक्षरी ओळख क्रमांक) बांधलेलं आहे आणि नवीन आवृत्ती घ्यायची तर कंट्रोलरच्या बाजूची केबल आणि पॅरामीटर पुन्हा तपासावे लागतात. मशीनवर जॉब अडकलेला असताना हे होत नाही. त्यामुळे ठरलं ते एवढंच : आहे त्या एक्सपीला नवं लॅन कार्ड द्यायचं.

पोर्ट खरंच गेलंय का

आधी केबल आणि स्विच बाजूला काढले. तीच केबल लॅपटॉपला लावली तर लॅपटॉपचा दिवा लागला नाही. स्विचवर शेजारच्या पोर्टात टाकली तेव्हा लागला. म्हणजे स्विचचं एक पोर्ट गेलंच होतं. आता चालत्या पोर्टातली केबल एक्सपीच्या पीसीला लावली, तरी मागचे दोन्ही दिवे विझलेले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ऑनबोर्ड लॅनवर पिवळं उद्गारचिन्ह आणि कोड १०, म्हणजे डिव्हाइस सुरू होऊ शकत नाही. एकदा पीसी बंद-चालू केल्यावर तर ते यादीतूनच नाहीसं झालं. पीसीआय बसवर चिप उत्तरच देत नसेल तर ड्रायव्हर (हार्डवेअरला विंडोजशी बोलतं करणारं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकून काही होत नाही. इथे बरेच जण तासभर घालवतात, म्हणून हे आधी बघावं : डिव्हाइस यादीत दिसतंय आणि कुरकुरतंय, की दिसतच नाही?

बायोसमध्ये जाऊन इंटिग्रेटेड पेरिफेरल्समधलं ऑनबोर्ड लॅन डिसेबल केलं, त्याच्या खालचं लॅन बूट रॉमही. अर्धमेली चिप चालू ठेवली तर ती कधी दिसते, कधी गायब होते आणि विंडोज दर वेळी नव्याने तिच्या मागे लागतं.

कार्ड बसवण्याआधी क्लोनझिलाच्या बूट सीडीने पूर्ण हार्ड डिस्कची इमेज बाहेरच्या डिस्कवर घेतली. इतक्या जुन्या डिस्कवर ड्रायव्हरचे प्रयोग इमेजशिवाय करू नयेत. सिस्टिम रिस्टोर ड्रायव्हर मागे घेतो, पण डिस्क बसली तर त्याचा उपयोग शून्य.

पहिलं कार्ड आणि त्याची सीडी

बाजारातून १ गिगाबिटचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड आणलं गेलं, खोक्यावर विंडोजच्या लांबलचक यादीत एक्सपीचंही नाव. बोर्डावर एक्स१ स्लॉट होता, कार्ड बसलं, दिवा लागला. ‘फाउंड न्यू हार्डवेअर’ विझार्ड आला. त्यात विंडोज अपडेटला जोडू का, या प्रश्नाला ‘नो, नॉट धिस टाइम’, मग ‘इन्स्टॉल फ्रॉम अ लिस्ट ऑर स्पेसिफिक लोकेशन’, मग सीडीवरचा फोल्डर. उत्तर आलं : या हार्डवेअरसाठी सॉफ्टवेअर सापडत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अदर डिव्हायसेस’ खाली पिवळं प्रश्नचिन्ह, ‘इथरनेट कंट्रोलर’, कोड २८.

कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही, एवढंच. का नाही, ते कळायला दोन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, कार्डाची खरी ओळख. डिव्हाइसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स टॅब, खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’. इथे व्हेंडर १०ईसी, डिव्हाइस ८१६८, रिव्हिजन १५ असं आलं. १०ईसी म्हणजे रिअलटेक. ८१६८ हा आकडा रिअलटेकच्या पीसीआय एक्सप्रेस गिगाबिट चिपच्या साऱ्या कुटुंबाला एकच आहे. त्यातलं कुठलं भावंड ते रिव्हिजन सांगते : ०३ म्हणजे ८१११डी, ०६ म्हणजे ८१११ई, ०९ म्हणजे ८१११एफ, ०सी म्हणजे ८१११जी आणि १५ म्हणजे ८१११एच. खोक्यावरच्या मॉडेल नंबरवर इथे विसंबता येत नाही, कारण एकाच मॉडेल नंबराखाली कंपन्या हार्डवेअर व्हर्जन बदलतात आणि आतली चिप वेगळी निघते. इंटेलसाठी व्हेंडर ८०८६, ब्रॉडकॉमसाठी १४ई४, एथेरॉसच्या वायर्ड चिपसाठी १९६९. ही चार नावं पाठ असली तरी निम्मं काम होतं.

दुसरी गोष्ट, एक्सपीने शोधलं काय आणि नाकारलं काय. सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरात सेटअपएपीआय डॉट लॉग नावाची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडून थेट तळाशी जायचं. ‘०१९’ क्रमांकाच्या ओळीत विंडोज कुठले हार्डवेअर आयडी शोधतंय ते असतं. जुळणी सापडली तर ‘आय०२२’ची ओळ येते, त्यात आयएनएफ फाइलचं (ड्रायव्हर कुठल्या हार्डवेअरसाठी आहे त्याची यादी असलेल्या फाइलचं) नाव, आणि तिच्या पुढच्या ‘आय०२३’च्या ओळीत रँक, रँकचा आकडा जितका लहान तितकी जुळणी पक्की. इथे ‘आय०२२’ नव्हतीच. होती ती ‘डब्ल्यू०५९’, एरर ई००००२२८ : या डिव्हाइसला जुळणारा एकही ड्रायव्हर नाही. म्हणजे फाइल करप्ट नव्हती, ड्रायव्हरच्या डिजिटल सहीचा प्रश्न नव्हता, फोल्डरही चुकला नव्हता. आयएनएफने या कार्डाला ओळखच दाखवली नव्हती.

सीडीवरची आयएनएफ उघडल्यावर कारण दिसलं. मॅन्युफॅक्चरर विभागात कंपनीच्या नावापुढे ‘एनटीएक्स८६ डॉट ६.०’, ‘एनटीएक्स८६ डॉट ६.१’ असे शेपटाचे आकडे होते. ६.० म्हणजे व्हिस्टा, ६.१ म्हणजे विंडोज ७. एक्सपी स्वतःला ५.१ म्हणवतं. शेपूट जुळलं नाही की ते बिनशेपटीचा विभाग बघतं आणि तो इथे रिकामा होता. खोक्यावर एक्सपी छापलं गेलं ते बहुधा जुन्या खोक्याच्या मजकुरातून.

मग विंडोज ७ चा ड्रायव्हर एक्सपीत घुसवता येईल का? नाही, आणि आयएनएफ कितीही बदलली तरी नाही. विंडोजमध्ये लॅन ड्रायव्हर एनडीआयएस नावाच्या थरावर उभा असतो. एक्सपीत तो ५.१ आहे, व्हिस्टात ६.०, विंडोज ७ मध्ये ६.२०. सहाव्या पिढीचा ड्रायव्हर सुरू होतानाच एनडीआयएसकडे अशी फंक्शनं मागतो जी एक्सपीच्या फाइलमध्ये नाहीतच. पाचव्या पिढीचा ड्रायव्हर व्हिस्टा आणि ७ मध्ये चालून जातो. उलटं कधीच होत नाही. रिअलटेकने ही विभागणी ड्रायव्हरच्या व्हर्जन नंबरातच ठेवली आहे : ५ ने सुरू होणारे एक्सपीचे, ६ चे व्हिस्टाचे, ७ चे विंडोज ७ चे, १० चे विंडोज १० चे. डाउनलोड करण्याआधी हा पहिला आकडा बघितला तरी निम्मी उठाठेव वाचते.

५ ने सुरू होणारा एक जुना ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आणला. इथे एक खोडा आला तो सांगायला हवा. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह बऱ्याचदा कंपनीतूनच एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतो. एक्सपीला एक्सफॅट कळायला मायक्रोसॉफ्टचा एक वेगळा अपडेट लागतो. तो नसेल तर पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर ‘डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का?’ असा प्रश्न येतो आणि घाईतला माणूस ‘येस’ दाबतो. जुना ४ किंवा ८ जीबीचा, फॅट३२ केलेला ड्राइव्हच अशा कामाला ठेवावा. शिवाय ड्रायव्हरची एक्झी फाइल ऑफिसच्या पीसीवर सेव्हन-झिपने उलगडून नुसता फोल्डर न्यावा. लावताना शिफ्ट दाबून धरायची, म्हणजे ऑटोरन चालत नाही. शॉपमधले पेन ड्राइव्ह कुठून कुठे फिरलेले असतात ते सांगायला नको.

त्या जुन्या ड्रायव्हरच्या आयएनएफमध्ये रिव्हिजन ०१, ०२, ०३ आणि ०६ एवढेच होते. १५ ची ओळ नाही. ‘हॅव डिस्क’ने जबरदस्ती केली, विंडोजने हा ड्रायव्हर या हार्डवेअरचा वाटत नाही म्हणून बजावलं, ‘येस’ म्हटल्यावर फाइल कॉपी झाल्या आणि कोड १०. आयएनएफमध्ये हाताने ओळ घालून करण्याचा उपायही हाच निकाल देतो. तो उपाय चालतो तो वेगळ्या परिस्थितीत : चिप तीच, पण बोर्ड बनवणाऱ्याने सबसिस्टिम आयडी वेगळा ठेवलाय, तेव्हा. ३२ बिट एक्सपी सही नसलेल्या ड्रायव्हरला फक्त सूचना देऊन ‘कंटिन्यू एनीवे’ विचारतं, त्यामुळे बदललेली आयएनएफही घेतं. पण नवी रिव्हिजन असली तर ड्रायव्हर चिपच्या रजिस्टरमधून तिची आवृत्ती वाचतो, ती ओळखीची नसते आणि तो हात वर करतो. आयएनएफ ही दारावरची यादी आहे; तिच्यात नाव घुसवल्याने आतल्या माणसाची ओळख होत नाही.

कार्ड परत गेलं. या कामात एक्सपीसाठी उलटा विचार करावा लागतो : कार्डाला ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा ज्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पोटातच आहे असं कार्ड शोधावं.

दुसरं कार्ड

अशा कार्डांची यादी लहान आणि चांगली आहे. रिअलटेक ८१३९ असलेलं साधं पीसीआय १०० एमबीपीएस कार्ड, इंटेलचं जुनं प्रो/१००, इंटेलचंच प्रो/१००० टी. पहिलं अजूनही जुन्या दुकानात किंवा भंगारातल्या पीसीतून मिळतं. गिगाबिटच हवं असेल तर ८१६९एससी चिपचं पीसीआय कार्ड, पण त्याला ड्रायव्हर बाहेरून द्यावा लागतो. या पीसीला गिगाबिट कशाला हवं? कंट्रोलरकडे जाणारी सीरियल केबल ९६०० बॉडला सेकंदाला जेमतेम ९६० बाइट पाजते. १०० एमबीपीएसने ११-१२ एमबी सेकंदाला येतात. जी-कोडची मोठ्यात मोठी फाइल त्यात डोळ्याची पापणी लवेपर्यंत येते.

८१३९डी लिहिलेलं कार्ड घेतलं, चिपवरचा छापा भिंगातून वाचून. पीसीची वायर काढून, पॉवर बटण दोन-तीनदा दाबून उरलेला चार्ज घालवून, पांढऱ्या पीसीआय स्लॉटात बसवलं आणि स्क्रू आवळला. स्क्रू नसलेलं कार्ड लॅनची केबल ओढली की तिरकं होतं आणि मशीनच्या हादऱ्याने महिन्याभरात संपर्क सोडतं. शॉप फ्लोअरवर ही तक्रार ड्रायव्हरच्या नावावर खपते.

चालू केल्यावर एक्सपीने स्वतःच ओळखलं, पण ‘फाइल्स नीडेड’ म्हणत विंडोजची सीडी मागितली. ही फाइल डिस्कवर असते : विंडोज फोल्डरात ‘ड्रायव्हर कॅश’, त्यात ‘आय३८६’, आणि त्यात ड्रायव्हर डॉट कॅब व एसपी३ डॉट कॅब. ब्राउझ करून तो फोल्डर दाखवला की काम होतं. इथे जागा वाचवायला कुणीतरी तो फोल्डर कधीतरी साफ केला होता, म्हणून सीडीतला आय३८६ फोल्डर डिस्कवर कॉपी करून तिथून दिला. तो तसाच ठेवला आहे. पुढे कुठलाही घटक घातला तरी सीडी शोधावी लागणार नाही.

नेटवर्क कनेक्शन्समध्ये आता दोन चिन्हं होती. एक ‘१३९४ कनेक्शन’. ते फायरवायर पोर्टाचं, त्याचा लॅनशी संबंध नाही. पण ते ‘कनेक्टेड’ दाखवतं आणि त्यावर आयपी टाकून बसलेली माणसं दर शॉपमध्ये सापडतात. ते डिसेबल केलं. दुसरं ‘लोकल एरिया कनेक्शन ३’, हे खरं.

आयपी आणि मेलेल्या कार्डाचं भूत

टीसीपी/आयपीच्या प्रॉपर्टीजमध्ये १९२.१६८.१.२५, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे आणि डीएनएस मुद्दाम रिकामे. ओके दाबल्यावर एक्सपी म्हणालं, हा आयपी दुसऱ्या ॲडॅप्टरला आधीच दिलेला आहे आणि तो ॲडॅप्टर नेटवर्क कनेक्शन्समध्ये लपलेला आहे. तो म्हणजे जळालेलं ऑनबोर्ड लॅन. हार्डवेअर गेलं तरी रजिस्ट्रीत त्याची नोंद आयपीसकट शिल्लक राहते.

अशा वेळी आयपी .२६ करून मोकळं होण्याचा मोह होतो. पण डीएनसीच्या सेटिंगमध्ये आणि ऑफिसातल्या शॉर्टकटमध्ये .२५ लिहिलेला, आणि सहा महिन्यांनी कुणालाच ते आठवत नाही. भूत काढणं दोन मिनिटांचं आहे. कमांड प्रॉम्प्टवर ‘सेट’ लिहून डेव्हएमजीआर अंडरस्कोर शो अंडरस्कोर नॉनप्रेझेंट अंडरस्कोर डिव्हायसेस बरोबर १, एंटर. त्याच खिडकीतून डेव्हएमजीएमटी डॉट एमएससी चालवायचं. दुसरीकडून उघडलं तर ही सेटिंग लागू होत नाही. व्ह्यू मेनूत ‘शो हिडन डिव्हायसेस’. नेटवर्क ॲडॅप्टर्सखाली जुनं लॅन फिक्या रंगात दिसतं, पहिल्या कार्डाचंही. दोन्ही अनइन्स्टॉल. ‘वॅन मिनिपोर्ट’ नावाच्या ओळींना हात लावायचा नाही, त्या विंडोजच्याच आहेत.

आयपी बसला, ऑफिसच्या पीसीला पिंग (समोरचा पीसी उत्तर देतो का ही चाचणी) लागलं. पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली ‘वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू द्या’ ही खूण काढली.

लायसन्स

डीएनसी सॉफ्टवेअर उघडलं आणि लायसन्स सापडत नाही म्हणालं. मॅक बदलला, तर हे होणारच. सरळ रस्ता विक्रेत्याकडून लायसन्स नव्या मॅकवर बदलून घेण्याचा. तशी मेल गेली. तोवर जुना मॅक नव्या कार्डाला देता येतो. मेलेल्या चिपचा मॅक कुठून आणायचा? लायसन्स फाइल नोटपॅडमध्ये उघडल्यावर होस्ट आयडीच्या जागी बारा अक्षरं होती, तोच. राउटर आयपी वाटत असेल तर त्याच्या यादीतही सापडतो. डिव्हाइस मॅनेजर, कार्ड, ॲडव्हान्स्ड टॅब, ‘नेटवर्क ॲड्रेस’. बारा अक्षरं, मध्ये डॅश किंवा कोलन नाही. काही ड्रायव्हरमध्ये ही ओळ नसते. तेव्हा रजिस्ट्रीत नेट क्लासची, ४डी३६ई९७२ ने सुरू होणारी की शोधायची, तिच्याखालच्या ०००१, ०००२ अशा कप्प्यांतून ‘ड्रायव्हरडेस्क’मध्ये आपल्या कार्डाचं नाव असलेला निवडायचा आणि त्यात ‘नेटवर्कॲड्रेस’ नावाची स्ट्रिंग घालायची. कार्ड डिसेबल-एनेबल केलं की आयपीकॉन्फिग ऑलमध्ये नवा मॅक दिसतो. हा मदरबोर्ड पुढे दुरुस्त होऊन त्याच नेटवर्कवर आला तर दोन यंत्रांचा मॅक एक होईल, म्हणून पीसीच्या झाकणाच्या आत तशी चिठ्ठी चिकटवली आहे.

पिंग लागतंय, फाइल येत नाही

सर्वांत जास्त वेळ इथे गेला. पिंग सुरळीत, फोल्डर उघडतो, छोटी फाइल येते. मोठी फाइल रांगत येते किंवा मध्येच तुटते. एक्सपीचं स्टेटस ‘१०० एमबीपीएस’ दाखवतं. त्यात डुप्लेक्स (दोन्ही बाजू एकाच वेळी बोलतात, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) दाखवत नाही, आणि घोळ नेमका तिथे होता.

शेडमधला जुना मॅनेज्ड स्विच कुणीतरी कधीकाळी १०० फुलवर बांधून ठेवला होता, बहुधा जुन्या ऑनबोर्डशी जुळवायला. नवं कार्ड ऑटोवर. एक बाजू बांधलेली आणि दुसरी ऑटो असली की ऑटोवाल्याला वेग कळतो, पण समोरचा वाटाघाटच करत नसल्याने डुप्लेक्स कळत नाही. नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. मग एक बाजू ऐकता-ऐकता बोलते आणि दुसरी त्याला टक्कर समजते. ३२ बाइटच्या पिंगमध्ये हे दिसत नाही, कारण टक्कर व्हायला वाहतूकच नसते. ‘पिंग’ला ‘मायनस टी मायनस एल १४००’ लावून एका खिडकीत चालू ठेवा, दुसरीकडे मोठी फाइल कॉपी करा, आणि मध्ये ‘नेटस्टॅट मायनस ई’ दोन-तीनदा चालवा. एरर्सचा आकडा वाढत गेला तर केबल तरी नाहीतर डुप्लेक्स.

उपाय स्विचचं पोर्ट ऑटो करणं. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता, म्हणून सध्या कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये लिंक स्पीड/डुप्लेक्स मोड १०० फुल केला आहे. स्विच बदलला त्या दिवशी हे परत ऑटो करावं लागेल, नाहीतर हाच प्रकार उलट्या बाजूने घडेल. गिगाबिटला तर ऑटोच सक्तीचं आहे, तिथे बांधण्याचा प्रश्न येत नाही.

फोल्डरचा प्रश्न

ऑफिसचा डिझाइन पीसी जुनाच असल्याने शेअर चालला. पण तो पुढच्या महिन्यात विंडोज १० वर जाणार होता, आणि एक्सपीला फक्त एसएमबी१ (विंडोजच्या फोल्डर शेअरिंगची सर्वांत जुनी पद्धत) बोलता येतं. विंडोज १० मध्ये १७०९ पासून, नव्याने टाकलेल्या सिस्टिमवर, एसएमबी१ बंद असतं. ते पुन्हा चालू करणं सोपं आहे, पण महागात पडू शकतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने पसरला होता आणि मायक्रोसॉफ्टला सपोर्ट संपलेल्या एक्सपीलाही पॅच द्यावा लागला होता. तो पॅच या पीसीवर नव्हता. पेन ड्राइव्हवरून घातला.

त्यामुळे मध्ये एक जुना पीसी लिनक्स आणि सांबा (लिनक्सवरून विंडोजला फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) घालून ठेवला, दोन लॅन कार्डांचा. एक बाजू ऑफिसकडे, दुसरी फक्त एक्सपीकडे, आणि दोन्हींमध्ये राउटिंग बंद. एक्सपीच्या बाजूची केबल स्विचला सोडून थेट या पीसीला आली, आणि डुप्लेक्सची सेटिंग ऑटोवर आली ती त्या निमित्ताने. सांबा ४.११ पासून एसएमबी१ मूळात बंद असतं, म्हणून सर्व्हर मिन प्रोटोकॉल एनटी१, म्हणजे एसएमबी१, करावा लागला. एक्सपी लॉगिनसाठी जुनं एनटीएलएम (पासवर्ड पडताळणीची जुनी पद्धत) पाठवतं, ते सांबा नाकारतं; सांबा ढिला करण्याऐवजी एक्सपीतच लोकल सिक्युरिटी पॉलिसीत लॅन मॅनेजर ऑथेंटिकेशन लेव्हल ‘फक्त एनटीएलएमव्ही२’ केली. एक्सपी होममध्ये ही पॉलिसीची खिडकी नाही, तिथे रजिस्ट्रीत एलएसएखाली एलएमकॉम्पॅटिबिलिटीलेव्हल ३ करावं.

शेड आणि ऑफिस यांच्यामधली उघड्यावरून गेलेली तांब्याची लॅन केबल काढून फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे) लावायला मालकांनी होकार दिलाय. विजेचा झटका त्या केबलनेच आला होता. ८१३९डीची दोन कार्डं जास्तीची घेतली. दोन्ही एकेकदा पीसीत लावून, एक्सपी ओळखतं का ते बघून, मॅक लिहिलेल्या पाकिटात घालून पॅनेलच्या कप्प्यात ठेवली. चाचणीमुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये आणखी दोन भुतं तयार झाली होती, तीही त्याच दिवशी काढली.